ओ मागणारे सटवाजीकाका

सटवाजीकाका कुठल्याही वायरीला हात लावण्याआधी तिला नाव विचारायचे. मनातल्या मनात नव्हे, चांगलं मोठ्यानं. वायर दोन बोटांत धरायची, मान तिरकी करायची, "कोण?" म्हणायचं आणि थांबायचं. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हातारबांना ऊन लागलेलं दिसतंय. मी नांदेडहून डिप्लोमा करून नुकतीच नोकरीला लागले होते आणि पहिल्याच भेटीत माणूस निकालात काढायची मला खोड होती. काकांनी ती मोडली. पुरती मोडली असं आमच्या घरचे मात्र अजून म्हणत नाहीत.

आमची भेट झाली ती सेनगाव तालुक्यातल्या एका साठवण तलावावर. कनेरगाव नाक्याहून मी स्कूटीवर आले होते, डोक्यात हेल्मेट आणि वर थोडी हवा. काका भिंतीच्या पार दुसऱ्या टोकाला उभे होते. किडकिडीत बांधा, पांढरी टोपी, गळ्यात दोरीला बांधलेला टेस्टर. जवळ गेल्यावर त्यांनी नाव विचारलं. मी सांगितलं, "यमुना." माझं नाव आजीचं आहे. ती गेली त्याच वर्षी मी जन्मले, म्हणून वर्गातल्या सगळ्या पूजा-प्रियांकांत मी एकटी यमुना.

"तुमी केबिनमधी जाऊन बसा," काका म्हणाले. मी जाऊन बसले. थोड्या वेळानं भिंतीवरून हाक आली, "यमुनाबाई!" मला वाटलं बोलावतायत, म्हणून मी बाहेर निघाले. त्यांनी हातानं मला मागं लोटल्यासारखं केलं आणि पुन्हा हाक मारली. असं तीनदा झालं. शेवटी मी वैतागून ओरडले, "ओ!" तेव्हा ते समाधानानं चालत आले.

"आता कळलं, यमुनाबाई केबिनमधी हाय म्हणून. मगापासून नुसतं ऐकून होतो."

"काका, मी तुमच्या डोळ्यासमोर आत गेले ना?"

"कुणीतरी आत गेलं, एवढंच दिसलं. नाव सांगायला कुणाचं काय जातंय? हाक मारल्यावर ओ देईल तोच खरा."

ते पुसेगावचे. टेलिफोन खात्यात उभी हयात लाइनमन म्हणून काढलेले. निवृत्तीनंतर आमच्या कंपनीनं त्यांना तलावावर राखणदार म्हणून घेतलं आणि वायरींतलं कळतं म्हणून त्याही कामाला जुंपलं. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं. संगणकाला ते 'कारकून' म्हणायचे, कारण त्यांच्या मते तो स्वतः जागेवरून हलत नाही आणि आलेल्या कागदावर विश्वास ठेवतो.

तलावावरचं आमचं काम थोडक्यात सांगते. मातीच्या भिंतीच्या पायथ्याशी सहा पाइप उभे गाडलेले होते, तीन डाव्या अंगाला आणि तीन उजव्या. प्रत्येक पाइपच्या तळाशी पाण्याचा दाब मोजणारा बोटाएवढा सेन्सर. भिंतीत पाणी मुरायला लागलं की दाब वाढतो, आकडा चढतो. डाव्या तिघांच्या वायरी एका पेटीत जायच्या, उजव्या तिघांच्या दुसरीत, आणि दोन्ही पेट्या केबिनमधल्या संगणकाला जोडलेल्या होत्या. संगणक डाव्या पेटीला 'एक' म्हणायचा आणि उजव्या पेटीला 'दोन'. डाव्या अंगाला, भिंतीच्या खालीच, चाळीसेक घरांचा तांडा होता. उजव्या अंगाला नुसती सोयाबीनची आणि हळदीची वावरं.

दुपारी जेवताना काका टेलिफोनच्या दिवसांतल्या गोष्टी सांगायचे. जमिनीतली जाड केबल तुटली की आत शेकडो तारा, दिसायला सगळ्या सख्ख्या बहिणी. एक माणूस या खड्ड्यात, दुसरा फर्लांगभर दूरच्या खड्ड्यात. एकानं तारेत आवाज सोडायचा, दुसऱ्यानं एकेक तार कानाला लावून ओ द्यायचा. "तारेवर चिठ्ठी बांधलेली असती," ते सांगायचे, "पण चिठ्ठी माणसानं बांधलेली असती, आन् माणूस घाईत असतंय."

एकदा तालुक्याच्या गावी अशीच केबल जोडताना डॉक्टरची तार बँडवाल्याच्या घरी गेली आणि बँडवाल्याची डॉक्टरकडे. "लोकं फोन करायचे, पोरगं तापलंय, काय करू. बँडवाला इच्चारायचा, तारीख कोणती, आन् घोडा पाहिजे का." हे सांगताना काका स्वतः हसत नसत. मी मात्र ठसका लागेपर्यंत हसायचे. मी तर ही गोष्ट घरी आईलाही सांगितली.

पहिल्याच उन्हाळ्याच्या शेवटी वळवाच्या पावसात वीज पडली आणि डावी पेटी जळाली. कंपनीनं नवी पाठवली. हुबेहूब तशीच. मी ती जोडली, तर संगणकानं तिचं नाव आपल्या मनानं 'तीन' ठेवलं. आमचा प्रोग्रॅम हाका मारणार 'एक'ला. एक काही सापडेना. पडद्यावर लाल अक्षरात तक्रार आली की या नावाचं उपकरण जोडलेलं नाही. हात्तिच्या, एवढंच ना, म्हणून मी 'तीन' खोडून 'एक' नाव द्यायला गेले, तर दुसरी तक्रार. हे नाव आधीच दिलेलं आहे, दुसरं निवडा. म्हणजे एकीकडून म्हणतो एक नाहीच आणि दुसरीकडून म्हणतो एक आहे. सकाळची दुपार झाली. मी प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकला, पुण्याच्या ऑफिसला चार फोन केले. तिथल्या मुलानं मला संगणक बंद करून चालू करायला सांगितलं. हा सल्ला देण्यासाठी त्याला पुण्यात ठेवला होता.

काका दारात बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. म्हणाले, "तो काय म्हणून राहिला ते मला मराठीत वाचून दाखवा. एकेक शब्द, काही गाळू नका."

मी चिडूनच वाचून दाखवलं. त्यांनी दोन्ही तक्रारी पुन्हा म्हणून घेतल्या. शेंगा खाणं थांबलं.

"जळालेली पेटी कारकुनाच्या वहीत अजून जिती हाय का?"

मी यादी उघडली. 'एक' तिथं होतं. नावापुढं बारीक फुली, म्हणजे गैरहजर, पण नाव कायम.

"मंग बराबर हाय की त्याचं. आजी गेली तवा तुमचं नाव यमुना ठेवलं ना? आजी जिती असती तर ठेवलं असतं का? आधी मयताची नोंद करा, मंग बारसं."

मी यादीतून मेलेलं 'एक' पुसलं आणि 'तीन'ला 'एक' नाव दिलं. प्रोग्रॅम मुकाट चालू झाला. तीन वर्षांच्या डिप्लोमात मला कुणी शिकवलं नव्हतं ते इंग्रजीचं अक्षर वाचता न येणाऱ्या माणसानं दारात बसून सोडवलं होतं. मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. त्यांना त्याचं काहीच नव्हतं. ते टोपण उघडून डाव्या पाइपात तांब्याभर पाणी ओतायला निघाले होते.

"आता कशाला? झालं ना."

"बारसं झालं. पाळण्यात तेच लेकरू हाय का, ते बघायचं राह्यलं." त्यांनी पाइपात पाणी ओतलं, फोनवर विचारलं, "कुणाचा आकडा हालला?" मी म्हटलं, "एक नंबरच्या पेटीतला, पहिला." मग दुसरा, मग तिसरा. डाव्या तिन्ही पाइपांनी ओ दिला तेव्हाच ते शेंगांकडे परतले.

त्या दिवसापासून त्यांनी मला यमुनाबाई म्हणायचं सोडलं आणि ते 'माय' म्हणू लागले. मला वाटलं, मी पास झाले. खरं तर मी त्यांचं निम्मंच शिकले होते.

पुढच्या वर्षी श्रावणात काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. काका आठ दिवस हिंगोलीला गेले. जाताना म्हणाले, "काही हालवलं, तर ओ घेतल्याबिगर सोडू नको." मी हो हो केलं.

ते गेले आणि तिसऱ्याच दिवशी विजेच्या झटक्यानं पेट्या आणि संगणक यांच्यामधला जोड गेला. मी नवा बसवला. त्यात वायरींच्या जागा बदलल्या, तर संगणकाला दोन्ही पेट्या अनोळखी वाटल्या. त्यानं त्यांची नावं 'चार' आणि 'पाच' ठेवली, आणि जुने 'एक' आणि 'दोन' फुली लावून तसेच बसलेले. आता हे मला पाठ होतं. दोन्ही मयतांची नोंद केली, दोन्ही बारशी केली. चार आधी दिसली म्हणून ती थोरली, तिला 'एक'. पाच धाकटी, तिला 'दोन'. चार म्हणजे डावीच का, हे पाहायला पेटीच्या पाठीवरचा लांबलचक क्रमांक यादीतल्या क्रमांकाशी ताडायचा असतो. त्यासाठी पेटी जागेवरून खोलावी लागते. चार स्क्रू. मी नाही खोलले. पावसात भिजत खाली पाइपांशी जाऊन पाणी ओतलं असतं तरी चाललं असतं. तेही केलं नाही. पडद्यावर एकही तक्रार नव्हती. सगळं हिरवंगार. मी पुण्याला फोन करून, तुमच्याशिवाय दुरुस्त केलं म्हणून थोडा टेंभाही मिरवून घेतला.

पाऊस लागून राहिला होता. तलाव भरत आला. आणि 'दोन' पेटीतला मधला आकडा चढू लागला. रोज थोडा थोडा. म्हणजे उजव्या अंगाला भिंतीत पाणी मुरतंय. मी साहेबांना कळवलं. साहेब म्हणजे तलावाचे उपअभियंता. भला माणूस, पण त्यांच्याकडे असे सात तलाव. त्यांनी उजव्या पायथ्याशी वाळूची पोती टाकायला सांगितलं आणि म्हणाले, "नशीब, तिकडं नुसती शेतं आहेत."

दुसऱ्या दिवशी तांड्याचे नाईक केबिनवर आले. सोबत त्यांची आई झमकूबाई. म्हातारी वाकली होती, पण नजर घारीची. नाईकांनी विचारलं, "म्याडम, लेकरंबाळं हायेत. शाळेत जाऊन राहायचं का आमी? तुमी सांगाल तसं."

मी पडदा त्यांच्याकडे फिरवून दाखवला. डाव्या बाजूचे तिन्ही आकडे सपाट. "तुमची बाजू कोरडी आहे," मी म्हणाले. "निवांत राहा."

झमकूबाईनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि दोघं गेले.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं काका आले. आठ दिवस पुरे व्हायचे होते, पण काकूंची पट्टी निघाली आणि काकांना करमेना. पिशवी खाली ठेवली, सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न, "ओ घेतला का?"

"काका, पाच दिवस झाले, एक तक्रार नाही."

"तक्रार थांबली म्हंजी दुखणं गेलं असं न्हाई, माय. कधी कधी दुखणारं माणूसच बेसुद झालेलं असतंय."

"अहो, पण सगळे आकडे येतायत."

"येत असतील. कोणाचे?"

मला राग आला. खरं सांगायचं तर राग त्यांचा नव्हता, न खोललेले चार स्क्रू आठवले त्याचा होता. काकांनी प्लास्टिकचा हंडा उचलला आणि पावसातून डाव्या उतारावर खाली गेले. मी पडद्यासमोर बसले. फोन वाजला.

"डावा, मधला. ओततो."

मी डाव्या मधल्या आकड्याकडे पाहत होते. तो हलला नाही. मला वाटलं, अजून ओतलं नसेल. मग बाजूच्या रकान्यात, उजव्या मधल्याच्या आकड्यानं उडी मारली.

"माय, काय झालं?"

मी दोन्ही रकाने पुन्हा ताडून पाहत होते.

"यमुना. ओ दे."

"काका," मी म्हणाले, "उजवा हलला."

ते घाबरले नाहीत, ओरडले नाहीत. म्हणाले, "गप बस. अजून पाच हायेत." एका पाइपवरून निकाल द्यायचा नाही, हा त्यांचा नियम. तलाव भरलेला, आकडा चढतोय आणि हा सत्तरीच्या घरातला माणूस हंडा घेऊन भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चिखलातून चालतोय. डावा वरचा. डावा खालचा. मग पलीकडे जाऊन उजवे तिन्ही. सहाच्या सहा उलटे. डावीकडे ओतलं की उजवा हलायचा, उजवीकडे ओतलं की डावा. ज्या बाजूला आम्ही पोती टाकत होतो ती ठणठणीत होती. पाणी मुरत होतं ते तांड्याच्या डोक्यावर.

केबिनमध्ये येऊन त्यांनी टोपी पिळली. "साहेबाला फोन लाव. पाणी सोडायला सांग. मंग आपुन तांड्यावर जाऊ."

मी साहेबांना सांगितलं. ते भराभर कामाला लागले. मी फोन ठेवून काकांना म्हणाले, "साहेब सांगतील ना तांड्याला. गाडी पाठवतायत."

"निवांत राहा म्हणून कोण म्हणालं होतं?"

"मी."

"मंग उठा म्हणून कोण म्हणणार?"

आम्ही उतारावरून खाली निघालो. लोक मला काय म्हणतील, हेच डोक्यात. चाळीस घरांवर पाणी टेकलेलं असताना माणूस स्वतःच्या अब्रूचा विचार करतो, हे मला त्या दिवशी माझ्याबद्दल कळलं. ते मी विसरलेले नाही.

अर्ध्या वाटेत काका म्हणाले, "बँडवाल्याची गोष्ट हाय ना, ती मी पुरी सांगत न्हाई कोणाला." मी थांबले. ते चालतच राहिले. "एका माणसाच्या छातीत दुखून राहिलं होतं. त्याच्या बायकोनं तीनदा फोन लावला. तिन्ही वेळा बँडवाला. मंग ती पायी निघाली डॉक्टरकडं. येईपर्यंत तो गेला."

"डॉक्टर आले असते तर वाचले असते?"

"ते देवाला माहीत. तार मी जोडली होती, चिठ्ठी बघून. ओ न घेता." त्यांनी चिखलात रुतलेली चप्पल काढून हातात घेतली. मग म्हणाले, "मी तिच्या दारात गेलो होतो. सांगितलं, मी केलं हे. तिनं दार लावून घेतलं. पण मी गेलो होतो."

ज्या गोष्टीवर मी ठसका लागेपर्यंत हसले होते ती हा माणूस इतकी वर्षं अर्धीच सांगत आला होता. मला लाज वाटली आणि त्याहून जास्त, मला त्यांच्याबद्दल असं काही वाटलं की त्याला आदर हा शब्द पुरत नाही.

नाईक अंगणात होते. मला पाहून हसले. मी म्हणाले, "तांडा हलवा. आत्ताच. शाळेत जा."

"काल तर तुमीच म्हणल्या, म्याडम."

"काल मी चुकीचं सांगितलं. पेट्यांची नावं माझ्या हातानं उलटी पडली आणि मी तपासलं नाही. पाणी तुमच्या बाजूला मुरतंय. पाच दिवसांपासून."

अंगणात पाच-सात माणसं जमली होती. मी काकांकडे पाहिलं. वाटलं, आता काहीतरी म्हणतील, पोरगी नवी आहे, होतं असं. त्यांनी एक शब्द काढला नाही. हात मागं बांधून ते माझ्या शेजारी उभे राहिले, एवढंच. नाईकांनी मागं वळून त्यांच्या गोरबोलीत हाक दिली आणि तांडा हलायला लागला. झमकूबाई माझ्यासमोरून शेळीची दोरी धरून गेली. थांबली, माझ्याकडे नीट पाहिलं आणि काही न बोलता पुढं गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुपारपर्यंत तांडा रिकामा झाला. तलावाचा दरवाजा उघडून पाणी सोडलं. उजवीकडची पोती उचलून डावीकडे आणली. दोन दिवसांनी डाव्या पायथ्याशी, गवताखाली, घोंगडीएवढी जागा दलदलीची सापडली. गढूळ पाणी पाझरत होतं. साहेबांनी ती पाहिली आणि खाली बसून घेतलं. अजून चार-पाच दिवस तसेच गेले असते तर, हे वाक्य त्यांनी अर्धवट सोडलं. दिवाळीपर्यंत भिंतीचा तो भाग खोदून, नवी माती आणि दगड घालून पक्का केला आणि तांडा आपल्या घरी परतला. कुणालाही इजा झाली नाही. एक शेळी मात्र शाळेच्या आवारातून पळाली ती सापडली नाही.

मी अहवालात सगळं खरं लिहिलं. कंपनीनं मला काढायचं ठरवलं. काका न विचारता एसटीनं हिंगोलीला गेले आणि साहेबांच्या टेबलासमोर जाऊन उभे राहिले. काय म्हणाले ते साहेबांनीच मला नंतर सांगितलं. "हिची चूक कुठं हाय ते आपल्याला ठावं हाय, कारण हिनं सांगितली. दुसरी आणाल तिच्या चुका कुठं कुठं हायेत, ते हुडकायला मला भिंतभर हिंडावं लागंल. माझे गुडघे दुखतेत." साहेबांनी कंपनीला कळवलं आणि मला ठेवलं. काकांनी आल्यावर या भेटीबद्दल चकार शब्द काढला नाही. म्हणाले, "उद्या साताला ये. पेट्या खोलून पाठीवरचे नंबर लिहायचेत." आठ स्क्रू, दोन्ही पेट्यांचे. मी खोलत होते आणि ते शेजारी बसून मोजत होते.

त्यानंतर दीड वर्ष आम्ही बरोबर काम केलं. मला ते मागं लागून शिकवायचे नाहीत. मी काही घाईनं करायला लागले की विचारायचे, "काहून पळून राहिलीस? तलाव कुठं चाललाय?" औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला गेलो तेव्हा गर्दीत काकू दिसेनाशा झाल्या. मी घाबरले. काकांनी पायरीवर उभं राहून काकूंच्या नावानं खणखणीत हाक मारली. चारचौघांत नवऱ्यानं नाव घेतलं म्हणून काकू लाजून चूर, ओ द्यायला तयार नाहीत. मी खांबामागं त्यांना पाहिलं आणि सांगितलं, त्या तिथं आहेत. तरी काका हाका मारतच राहिले. शेवटी बारीक आवाजात "ओ" आला, तेव्हा खाली उतरले. सगळी रांग हसत होती.

मागच्या पौषात काका गेले. सकाळी चहा घेतला, पाठ दुखते म्हणून आडवे झाले आणि उठलेच नाहीत. मला कळलं तेव्हा मी तलावावर होते. पुसेगावला पोहोचले तर अंगण माणसांनी भरलेलं. टेलिफोनवाले जुने लोक होते, नाईक होते, साहेब होते. काकूंनी मला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, "सकाळी दोनदा हाक मारली ग मी." एवढंच म्हणाल्या. मी लहान लेकरासारखी रडले.

यंदाच्या श्रावणात पुन्हा झड लागली. चार दिवस ऊन नाही. तलाव काठोकाठ आला आणि मधल्या एका दुपारी विजेचा खेळ होऊन पेट्यांची नावं पुन्हा विस्कटली. पडदा लाल झाला. मी मयतांची नोंद केली, बारशी केली, पडदा हिरवा झाला. मग रेनकोट घातला, हंडा उचलला आणि खाली उतरले. पडद्यासमोर बसायला आता माणूस नाही, म्हणून प्रत्येक पाइपात पाणी ओतायचं, भिंत चढून केबिनमध्ये यायचं, आकडा पाहायचा आणि पुन्हा उतरायचं. सहा वेळा. दोनदा घसरले, गुडघा फुटला. दर वेळी ओतलेल्या पाइपाचाच आकडा हलला, आणि ओतण्याआधी सगळे सपाट होते.

चारच्या सुमाराला नाईकांचा फोन आला. "म्याडम, काय करायचं? सामान बांधून ठेवलंय." मी म्हणाले, "दोन्ही बाजू ठीक आहेत. राहायला हरकत नाही."

पलीकडे कुजबुज झाली आणि फोन दुसऱ्या हातात गेला. झमकूबाई होती. अंगणातल्या त्या दिवसापासून म्हातारी माझ्याशी एक शब्दही बोलली नव्हती. तांड्यावर गेले की तोंड फिरवून आत जायची.

"तूच बघितलं का, का त्या यंत्रानं सांगितलं?"

"मी बघितलं, आई. सहाही पाइप. पाणी ओतून."

पत्र्यावर पाऊस वाजत होता. त्या क्षणी काका हवे होते, फार हवे होते, पण माझ्या वतीनं ते तेव्हाही बोलले नसते.

"मंग राहतो आमी," झमकूबाई म्हणाली.